हळदीकुंकवाला मी पालीत होते

संक्रांत उलटली की आमच्या हाटकेशच्या सोसायटीत बायकांची धावपळ सुरू होते. रथसप्तमीपर्यंत कुणाचं हळदीकुंकू कधी, यावर मोबाईलच्या ग्रुपवर रोज खल चालतो. एकीनं शुक्रवार धरला की दुसरीचं तोंड वाकडं होतं, आणि बी विंगमधली एक जण दरवर्षी सगळ्यांचं ठरून झाल्यावर विचारते, "अरे, मेरा कब रखूं?" जिन्यात अत्तराचा वास येतो, लिफ्टमध्ये हलव्याचे दाणे चपलांखाली कुरकुरतात, आणि घराघरांत नको असलेल्या गाळण्या आणि साबणाच्या डब्या जमत जातात. दुपारचं ऊन बोचत नाही. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावासा वाटतो, मीरा रोडला थंडी मिळते ती तेवढीच. मला हे दिवस आवडतात. आणि दरवर्षी याच दिवसांत माझं एक जुनं दुखणं वर येतं. त्याला हेवा म्हणतात. मी उगाच दुसरं सोज्ज्वळ नाव देणार नाही.

हा हेवा माझ्या नणंदेचा. शलाका तिचं नाव. माझा मुलगा ओजस आता तिच्याबद्दल मित्रांना सांगतो, "माझी आत्या म्हणजे ओरिजिनल डिजिटल नोमॅड." असं सांगताना तो छाती अशी पुढे काढतो की जणू आत्यानं एखादा गड सर केलाय. लॅपटॉपवर काम करत गावोगाव भटकणाऱ्यांसाठी असा काही शब्द त्या काळी आमच्या कानावर आला नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या पायाला भिंगरी आहे." नवरा म्हणायचा, "करू दे तिला काय करायचंय ते."  मी पोळ्या लाटत असे.

दोन हजारनंतरची ती पहिली चार-पाच वर्षं. अमेरिकेतले डॉक्टर दिवसभर पेशंट तपासून जे बोलून ठेवत, ते इथे सकाळी फोनच्या तारेतून यायचं, आणि शलाका ते कानाला हेडफोन लावून ऐकत टाइप करायची. संध्याकाळपर्यंत परत पाठवायचं. सोबत एक वजनदार लॅपटॉप, आणि पायाखाली दाबायची एक पट्टी, शिलाई मशीनला असते तशी. पाय दाबला की डॉक्टर बोलू लागायचा, उचलला की थांबायचा. पाय उचलला की पुरुष गप्प बसतो, असं यंत्र आमच्या घरात पहिल्यांदाच आलं होतं.

फोनची तार असली की तिला कुठलंही गाव चालायचं. कधी धर्मशाळेला कुणा मैत्रिणीच्या गच्चीवरच्या खोलीत, कधी पाँडिचेरीला, कधी गोकर्णला. जानेवारीत मात्र आमच्याकडे यायची, आईपाशी. एक बॅग, त्यात टॉवेलात गुंडाळलेली ती पायपट्टी. लग्न केलेलं नव्हतं, पण माहेरपणाला आल्यासारखे तिचे लाड व्हायचे. आणि माहेरपण म्हणजे माहेरवाशिणीचा आराम आणि वहिनीचे कष्ट, हे काही मला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

तिचं काय काय मला खुपायचं, ते सांगते. चहाचा कप हातात घेऊन ती खिडकीतून बाहेर बघत बसायची. नुसती बघत. चहा गार झाला तरी हरकत नाही अशा थाटात. भूक लागली की जेवायची, घड्याळात वाजले म्हणून नाही. केस धुतले की मोकळे सोडून अख्खी सकाळ वाळवायची. आणि एखाद्या दिवशी आमटी वाढून घेता घेता सहज म्हणायची, "पुढच्या महिन्यात गोकर्णला जावं म्हणतेय." मी "कोथिंबीर घेऊन येते" म्हणते ना, अगदी त्याच आवाजात. त्या आवाजानं माझा जीव जळायचा.

आणि जळायला कारण होतं. कारण टायपिंग माझं होतं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं मी फोर्टमधल्या एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. कोर्टाची लांबलचक इंग्रजी वाक्यं, एकही खोडाखोड न करता. नव्या मुली माझ्या टेबलापाशी येऊन माझी बोटं बघत उभ्या राहायच्या. मग लालबागची खोली सोडून आम्ही इकडे आलो, ओजस झाला, जाण्यायेण्यात दिवस संपायला लागला आणि नोकरी गेली. गेली म्हणजे मीच सोडली, असं घरात सगळे म्हणतात. शलाकाची बोटं माझ्यापेक्षा हळू चालायची. मी हॉलमध्ये केर काढताना तिच्या की-बोर्डचा आवाज ऐकायची आणि मनात म्हणायची, इथे अडखळली. पुन्हा अडखळली.

त्या वर्षी जानेवारीत घरात फोनवरून महाभारत झालं. तेव्हा एकच तार असायची. शलाकाचं इंटरनेट चालू असताना कुणी रिसीव्हर उचलला की ते तुटायचं आणि पाठवायला लावलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि हळदीकुंकवाची आमंत्रणं फोनवर द्यायची नाहीत तर कशी द्यायची? सासूबाई दर थोड्या वेळानं रिसीव्हर उचलायच्या आणि दचकून खाली ठेवायच्या.

"अगं बाई, फोनमध्ये कुणीतरी किंचाळतंय."

"आई, तो माझा इंटरनेटचा कॉल आहे. ठेव ना प्लीज."

"असला कसला तुझा कॉल? मला गोडदेवच्या मावशींना बोलावणं द्यायचंय."

तीन-चार दिवस असं झाल्यावर शलाकानं उत्तनच्या पुढे पालीत एक खोली शोधली. कोळीवाड्यातल्या रोझीबायच्या घरात. रोझीबायचे दोन्ही मुलगे जहाजावर होते, त्यांचा फोन रविवारी यायचा, म्हणून घरात फोन होता आणि बाकी आठवडाभर त्याला कुणी हात लावत नसे. शलाकानं बॅग उचलली आणि गेली. सासूबाईंचा जीव राहीना. मग मधूनमधून तिला डबा पोचवायचं काम कुणाकडे आलं, ते सांगायला नको.

भाईंदर पश्चिमेहून बस निघायची. मिठागरांचे पांढरे ढीग मागे पडले की हवेत मासळीचा वास यायला लागायचा आणि उत्तनपर्यंत तो साडीत मुरायचा. पालीच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. बांबूंवर ओळीनं बोंबील वाळत घातलेले, त्यांच्यामधून रोझीबायच्या घराची पायवाट. आणि मागच्या अंगाला ती खोली. एक कॉट, एक टेबल, एक खुर्ची, समुद्राकडची एक खिडकी. दाराला आतून लागणारी कडी.

मी त्या कडीकडे बघतच राहिले. आमच्या घरात मी आतून लावू शकते अशी कडी एकच होती, बाथरूमची. तीही लावली की दोन मिनिटांत ओजस दार ठोकायचा.

रोझीबायचा एक ठाम समज झाला होता. एकटी, शिकलेली पोरगी, दिवसभर खोलीत बसते, कानाला काहीतरी लावते, मान वर करत नाही, म्हणजे हिची मोठी परीक्षा असणार. पहिल्याच भेटीत तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुजे नणंदंचा पेपर कवा हाय गो?" शलाकानं तिला समजवायचा प्रयत्न केला होता.

"रोझीबाय, मी काम करते. नोकरी आहे माझी."

"हां हां. आभ्यास पन कामच हाय."

मग तिनं सगळ्या आळीला सांगून टाकलं. अंगणात खेळणाऱ्या पोरांना ती दटावायची, "गप रव्हा रे. बाय आभ्यास करतं." बोंबील उलटायला आलेल्या बायका त्या खिडकीपाशी आल्या की कुजबुजत बोलायच्या. शलाकाच्या दारात झाकलेली थाळी यायची, तळलेली मांदेली नाहीतर बोंबील, डोकं चालावं म्हणून. अख्खा कोळीवाडा तिच्यासाठी दबक्या पावलांनी चालत होता.

मी डबा टेबलावर ठेवला आणि मला रडूच आलं. माझ्या टायपिंगच्या परीक्षेच्या वेळी माहेरच्या आमच्या खोलीत सात माणसं आणि एक रेडिओ होता. रेडिओचा आवाज कमी करावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं, आणि माझ्याही नाही. परतीच्या बसमध्ये मी रिकाम्या डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि उत्तनपासून भाईंदरपर्यंत शलाकाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. ती काही वाईट वागली नव्हती. मला ती जागा हवी होती. ती खुर्ची, ती कडी, आणि कुणीतरी माझ्यासाठी पोरांना गप्प करणं.

आमचं हळदीकुंकू शुक्रवारी होतं, संध्याकाळी पाचला. वाण आणून ठेवलं होतं, सासूबाईंनी तिळाच्या वड्या केल्या होत्या, हरभरे भिजवले होते. सकाळी मी शलाकाला घ्यायला पालीला गेले. ती कॉटवर बसली होती, दोन्ही कानांत कापूस, गाल सुजलेले. समुद्राचं वारं बाधलं की काय कोण जाणे, तिला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आणि त्याच सकाळी एका हार्टच्या डॉक्टरचं मोठं गाठोडं येऊन पडलं होतं. कंपनी त्या डॉक्टरचं काम चांगल्या लोकांनाच द्यायची आणि तिला ते पहिल्यांदाच मिळालं होतं. संध्याकाळपर्यंत गेलं नाही तर पुन्हा मिळणार नव्हतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. "वहिनी," ती बहिऱ्या माणसासारखी मोठ्यानं म्हणाली, "तू बसशील?"

मी पदर खोचला आणि बसले.

पहिली काही मिनिटं त्या डॉक्टरचा एक शब्द कळेना. तोंडात सुपारी धरून बोलावं तसं बोलत होता. पण कोर्टाच्या वकिलांचं ऐकून ज्यांचे कान तयार झालेत त्यांना कुठलाही पुरुष फार वेळ अवघड जात नाही. हळूहळू त्याची लय सापडली. कुठे श्वास घेतो, कुठे तोच तो शब्द पुन्हा म्हणतो. औषधांची आणि रोगांची नावं मला माहीत नव्हती. ती मी जशी ऐकू येतील तशी शलाकाला ओरडून सांगायची, ती माझ्या ओठांकडे बघून अंदाज बांधायची आणि जाडजूड डिक्शनरीत शोधून बोट ठेवून दाखवायची. आमच्या आरडाओरड्यानं रोझीबाय खिडकीशी आली.

"आज तोंडी हाय काय गो?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. तिनं पुन्हा पोरांना दटावलं, आणि या खेपेला माझ्यासाठी.

मला त्या दुपारचं काय काय आठवतं. खिडकीतून येणारा खारट वारा आणि त्यात बोंबलांचा वास. पायाखालची ती पट्टी, दाबली की परदेशातला कुणी म्हातारा पेशंट, त्याची छातीतली कळ, त्याचे सुजलेले पाय. बोटं आधी जड होती, मग सैल झाली, मग मला त्यांची आठवणच राहिली नाही. कुणी आई म्हणून हाक मारली नाही, कुणी अगं म्हणून बोलावलं नाही. दाराला आतून कडी होती. मला त्या दुपारी कुणाचाही हेवा वाटत नव्हता, पण हे ध्यानात यायला मला पुढे बराच काळ लागला.

तीनच्या सुमारास शलाकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी, तू जा आता. बस गाठ. बायका येतील घरी. राहिलेलं राहू दे."

"एवढं संपवते," मी म्हटलं. तिला ते ऐकू आलं नाही, पण मी पाय उचलला नाही हे तिला दिसलं. मला वेळ कळत नव्हती असं नाही. पाचला बायका येणार हे मला ठाऊक होतं. यजमानीण मीच होते. सासूबाईंना फोन करायचा तर त्या तारेवर काम चालू होतं, आणि ते मी तोडणार नव्हते.

सगळं गेलं तेव्हा ऊन उतरलं होतं. शलाकाचं अंग तापलं होतं, तिला रोझीबायच्या स्वाधीन करून मी एकटीच बसमध्ये बसले आणि हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

घरी आले तर हळदीकुंकू उरकलेलं. दारातली रांगोळी पावलांनी पुसलेली, मोरीत कपबशांचा ढीग, सतरंजीवर हलवा सांडलेला. सासूबाई भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या. मी कारण सांगायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "राहू दे. मी सगळ्यांना सांगितलं, सुनेला ताप आलाय, डॉक्टरकडे गेलीय." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी माझी बाजू सांभाळली होती. खरं कारण त्यांना कळलं असतं, तरी स्वतःच्या हळदीकुंकवाला सून घरात नव्हती कारण ती मासळीवाल्यांच्या गावात टायपिंग करत बसली होती, हे बायकांना सांगायचं तरी कसं?

पुढचा आठवडा मी आजारी होते. समोरच्या हंसाबेन वाटीभर खिचडी घेऊन आल्या. "बुखार उतरा?" म्हणाल्या. "हां, उतरा," मी म्हटलं आणि वाटी घेतली. वॉचमनपासून ओजसच्या बाईंपर्यंत सगळ्यांनी विचारलं. मी सगळ्यांना बरं वाटतंय म्हणून सांगितलं.

तिकडे कंपनीनं शलाकाचं कौतुक केलं. इतकं स्वच्छ काम बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं म्हणे. हार्टचा डॉक्टर तिला कायमचा मिळाला. कान मोकळे झाल्यावर ती घरी आली, मला मिठी मारली, "वहिनी, तुझ्यामुळे गं," म्हणाली आणि माझ्यासाठी आणलेली शाल माझ्या खांद्यावर टाकली. शाल चांगली होती, मी ती बरीच वर्षं वापरली.

पण माझी बोटं, माझे कान, माझी दुपार, आणि नाव तिचं. कंपनीच्या लेखी ते काम शलाकानं केलं होतं आणि सोसायटीच्या लेखी मला ताप आला होता. आजवर मी तिच्या आयुष्याचा हेवा करत होते, आता मला माझ्याच कामाचा हेवा वाटायला लागला. असा हेवा फार वाईट. तो कुणाला सांगताही येत नाही.

मला वाटलं होतं, ती विचारेल. रोज वाटायचं. आज म्हणेल, वहिनी, तूही हे काम घे, मी कंपनीत सांगते. रथसप्तमी झाली, तिनं बॅग भरली. मी लाडू बांधून दिले. ती आईच्या पाया पडली, माझ्या पाया पडली, "पुढच्या जानेवारीत येते," म्हणाली आणि रिक्षात बसली. मी गॅलरीतून रिक्षा वळेपर्यंत बघत होते. मीच मागायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण वहिनीनं नणंदेपुढे हात पसरायचा, हे आमच्या घरात बसत नव्हतं. पुढचे कित्येक महिने फोन वाजला की मी ओल्या हातानं धावायची. बहुतेक वेळा चुकीचा नंबर असायचा.

नंतर फोन सुधारले, ते काम बंद पडलं, शलाका दुसरं काही शिकली, मग तिसरं. सासूबाई गेल्या. शलाका आता गोव्यात एका गावात घर भाड्यानं घेऊन राहते, आणि लॅपटॉप घेऊन भटकणारी तरुण पोरं तिला मानतात. यंदाच्या जानेवारीत ओजसनं मला मोबाईलवर तिचं भाषण दाखवलं. ती पोरांना सांगत होती, "कान ठणकत होते, काही ऐकू येत नव्हतं, तरी मासेमारीच्या गावात बसून मी एका दिवसात त्या डॉक्टरचं सगळं काम संपवलं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. कान बंद असताना ऐकलं कसं, हा प्रश्न त्यांच्यातल्या एकालाही पडला नाही.

मी हात पुसले आणि तिला फोन लावला.

"शलाका, ऐकू येत नव्हतं तर टाइप कसं केलंस गं?"

 मग ती म्हणाली, "वहिनी, ती तू होतीस."

"हो, मी होते."

"मी इतक्या वेळा सांगितलं ते, की मला ते माझंच वाटायला लागलं." तिचा आवाज उतरला होता. "पण तू कधी काही बोलली नाहीस. मला वाटलं, तू माझ्यासाठी एक दिवस खपलीस आणि सुटलीस. तुला हवं होतं ते काम?"

"हवं होतं," मी म्हटलं. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा तोंडानं म्हणत होते, आणि ते म्हणायला काहीच कष्ट पडले नाहीत.

"मग तू इकडे ये," ती म्हणाली. "पोरांना तूच सांग."

मी गेले. हळदीकुंकू पुढे ढकललं आणि एकटी गेले. माडांच्या सावलीत एक मोठा ओटा, त्यावर खुर्च्या, पोरापोरींच्या मांडीवर लॅपटॉप. कुणी कुठल्या गावचं, कुणी कुठल्या. त्यांच्याकडे बघून माझं ते जुनं दुखणं पुन्हा वर आलं, वयाचा काही उपयोग होत नाही. शलाका उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. ते काम माझ्या वहिनीनं केलं. ही माझी वहिनी." सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी टायपिंगचं सांगितलं, पायपट्टीचं सांगितलं, रोझीबायच्या परीक्षेचं सांगितलं. मग पुढे बसलेल्या एका मुलीनं हात वर केला.

"काकू, एवढं भारी काम केलंत," ती म्हणाली, "मग त्यानंतर तुम्ही काय केलंत?"

शलाकानं मान खाली घातली. मी जरा आठवून बघितलं.

"त्यानंतर मी घरी गेले," मी म्हटलं, "आणि वीस वर्षं हिचा हेवा केला."

पोरं खूप हसली. शलाका हसली नाही.